कॅथलिक मतदार आणि गांवचें राजकारण

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त चंदगड येथें धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं धर्मगुरूनें राजकारणावर बोलावें, हें आपणांपैकीं कित्येकांस विलक्षण वाटेल. अशा दिवशीं पूर्वजांच्या श्रद्धेचें स्मरण करावें, देऊळ उभारणाऱ्या हातांचे आभार मानावेत आणि चार गोड शब्द बोलून खालीं बसावें, अशी रीत आहे. ती मला मान्य आहे. परंतु ज्या कुटुंबाचा महोत्सव आपण साजरा करीत आहों, त्या कुटुंबांत फूट पडत असेल, तर तिच्याविषयीं मौन पाळून केलेला उत्सव पोकळ ठरेल. गेल्या कांहीं वर्षांत आपल्या मंडळींत जे रुसवेफुगवे मीं पाहिले, त्यांपैकीं बहुतेकांचा जन्म देवळांत झाला नाहीं. तो निवडणुकीच्या मांडवांत झाला. सख्ख्या चुलत्यांचीं दोन घरें पॅनेलें निराळीं झाल्यामुळें एकमेकांच्या लग्नास जाईनाशीं झालीं. एका बांकावर बसणारे दोन गृहस्थ आतां देवळाच्या दोन टोकांस बसतात, आणि शांतीचा हात देण्याची वेळ आली म्हणजे दोघेही जमिनीकडे पाहतात. असा विषय धर्मगुरूचा नव्हे, असें मीं कसें म्हणावें?

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट करितों. कोणत्या पक्षास, कोणत्या गटास किंवा कोणत्या उमेदवारास मत द्यावें, हें मी आज सांगणार नाहीं. आज नाहीं, आणि पुढेंही नाहीं. हें माझें भित्रेपण आहे असें कोणी समजूं नये. यास तीन कारणें आहेत.

पहिलें कारण पवित्र धर्मसभेच्या विधींचें. १९८३ सालच्या विधिसंहितेच्या २८७ व्या कलमान्वयें धर्मगुरूनें राजकीय पक्षांत सामान्यतः प्रत्यक्ष भाग घ्यावयाचा नसतो, आणि २८५ व्या कलमानें राज्यसत्तेचा अधिकार चालविणारीं पदें त्यास निषिद्ध आहेत. दुसरें कारण देशाच्या कायद्याचें. लोकप्रतिनिधित्वाच्या १९५१ च्या कायद्याचें १२३ वें कलम विधानसभेच्या व लोकसभेच्या निवडणुकींतील भ्रष्ट मार्गांची यादी देतें. मतदारास देवाच्या अवकृपेची किंवा धार्मिक बहिष्काराची भीति घालून त्याचें मत वळविणें, हा त्या यादींतील एक मार्ग आहे. शिवाय धार्मिक संस्थांच्या दुरुपयोगास आळा घालणारा १९८८ चा कायदा देवळाची जागा राजकीय कार्याच्या प्रसारासाठीं वापरूं देत नाहीं. हे कायदे आपल्याविरुद्ध केलेले नाहींत. ते सर्व धर्मांच्या पुढाऱ्यांस सारखेच लागू आहेत, आणि माझ्या मतें ते शहाणपणाचे आहेत.

तिसरें कारण मला सर्वांत जवळचें वाटतें. ज्या वेदीवरून मी प्रभूचें वचन सांगतों, त्याच वेदीवरून उद्यां मीं उमेदवाराचें नांव घेतलें, तर ज्यानें दुसऱ्यास मत दिलें तो पापनिवेदनास माझ्याकडे कोणत्या तोंडानें येईल? आणि तो उमेदवार निवडून आल्यावर लबाड निघाला, तर लोक त्याच्याबरोबर माझें प्रवचनही खोटें मानतील. देवाचें वचन इतक्या स्वस्त गहाणावर ठेवण्याचा मला अधिकार नाहीं.

मग धर्मगुरूनें बोलावयाचें तरी काय? मत द्यावें कीं देऊं नये, कोणत्या मनानें द्यावें, काय पाहून द्यावें, आणि मत दिल्यावर एकमेकांशीं कसें वागावें, एवढें सांगणें हें मात्र त्याचें कर्तव्य आहे.

आपल्यांतील पुष्कळ सज्जन मंडळी म्हणतात, “फादर, राजकारण ही घाण आहे. आम्ही आपले बरे, आमची काजूची बाग बरी, आमची मिस्सा बरी.” या विचारांत सात्त्विकतेचा भास आहे, म्हणूनच तो अधिक घातक आहे. जुन्या करारांतील शास्त्यांच्या ग्रंथांत योथामानें सांगितलेली एक कथा आहे. झाडांनीं आपणांवर राजा नेमावयाचें ठरविलें. तीं जैतुनाकडे गेलीं. त्यानें आपलें तेल सोडून येण्यास नकार दिला. अंजिरानें आपली गोडी पुढें केली, द्राक्षवेलीनें आपला रस. शेवटीं झाडें कांटेरी झुडपाकडे गेलीं, आणि तें मात्र तात्काळ कबूल झालें. झुडपाची सावली ती केवढी? पण त्यानें अट घातली कीं माझ्या सावलींत या, नाहींतर माझ्यांतून अग्नि निघेल. कथेचें मर्म उघड आहे. फळ देणाऱ्या झाडांनीं अंग काढून घेतलें म्हणून कांट्याचें राज्य झालें. तो दोष कांट्याचा जितका, तितकाच जैतुनाचाही.

आपण राजकारणाकडे पाहिलें नाहीं म्हणून राजकारण आपणांकडे पाहण्याचें थांबत नाहीं. हा चंदगड तालुकाच याचें उदाहरण आहे. हा मुलूख पूर्वीं बेळगांव जिल्ह्यांत मोडत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हां बेळगांव जिल्हा म्हैसूर राज्यांत गेला, आणि चंदगड तेवढा कोल्हापूर जिल्ह्यास जोडला गेला. डोंगर तेच राहिले, ताम्रपर्णी तीच राहिली, रताळ्यांचा बाजारही बेळगांवचाच राहिला; पण कचेरी बदलली, पुढें राज्यही बदललें. एका रेघेनें हजारों माणसांच्या जीविताची दिशा फिरविली. अशा रेघा सभागृहांत ओढल्या जातात, आणि तेथें कोण बसावें हें मतपेटी ठरविते.

धर्मसभेची शिकवणही येथें संदिग्ध नाहीं. १९९२ सालीं प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणग्रंथाच्या २२४० व्या परिच्छेदांत कर भरणें, मतदानाचा हक्क बजावणें आणि देशाचें रक्षण करणें हीं तिन्ही एकाच श्रेणींत, नैतिक बंधन म्हणून, सांगितलीं आहेत. म्हणजे सबळ कारणावांचून मत न देणारा मनुष्य केवळ सुट्टी उपभोगीत नाहीं. तो एक देणें बुडवितो. कैसराचें नाणें प्रभूस दाखविलें तेव्हां प्रभूनें जें उत्तर दिलें, तें आपण करासंबंधीं लक्षांत ठेवितों. परंतु लोकशाहींत कैसर कोण? सिंहासनावरची व्यक्ति नव्हे. तुम्ही आम्ही मिळून कैसर आहों. म्हणून कैसराचें देणें म्हणजे आज आपली बुद्धि, आपला वेळ आणि आपला निर्णय.

एके काळीं कॅथलिक लोकांस या मार्गापासून दूर राहण्याचा आदेश होता, हेंही येथें सांगितलें पाहिजे. इटलीच्या नव्या राज्यानें पोपमहाराजांचें राज्य घेतलें त्या कलहांत, १८६८ पासून, तेथील कॅथलिकांनीं राष्ट्रीय संसदेच्या निवडणुकींत भाग घेणें उचित नाहीं असें रोमनें ठरविलें होतें. १९०५ सालीं तें बंधन सैल झालें व १९१९ सालीं पुरतें सुटलें. मात्र गांवच्या निवडणुका त्या बंधनांत नव्हत्या. त्यामुळें सिसिलींतील काल्ताजिरोने या गांवीं लुईजी स्टुर्झो नांवाचे एक धर्मगुरु १९०५ पासून १९२० पर्यंत नगराचा कारभार पाहत होते. पुढें १९१९ सालीं त्यांनीं पक्ष काढला, पण त्यास कॅथलिक हें नांव दिलें नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, धर्म सर्वांस कवेंत घेतो आणि पक्ष हा नांवाप्रमाणेंच एक बाजू असतो. दोहोंची सांगड घालूं नये. धर्मगुरूनें पद घेण्याचा मार्ग आज बंद आहे. तथापि त्या गृहस्थांचे दोन धडे आपल्या कामाचे आहेत: कारभार गांवापासून शिकावा, आणि धर्माचें नांव पक्षाच्या पाटीवर लावूं नये.

आपल्या देशांतही याच वाटेनें गेलेले थोर पुरुष आहेत. एप्रिल १९१६ मध्यें, येथून जवळच, बेळगांव येथें लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना झाली. तिचे पहिले अध्यक्ष कोण झाले? माझगांवच्या माथारपाखाडीचे कॅथलिक गृहस्थ जोसेफ बॅप्टिस्टा, ज्यांस लोक प्रेमानें काका म्हणत. हेच काका बॅप्टिस्टा १९२५ सालीं मुंबई महापालिकेचे अध्यक्ष, म्हणजे आजच्या भाषेंत महापौर, झाले. त्यांनीं गिरणीकामगारांची बाजू मांडली ती कामगार ख्रिस्ती होते म्हणून नव्हे. ते पिळले जात होते म्हणून. श्रद्धा न सोडतां सर्वांचा माणूस होतां येतें, याचा तो पुरावा आहे.

१९३५ च्या कायद्यान्वयें मुंबई प्रांतांत हिंदी ख्रिस्ती लोकांस निराळ्या जागा होत्या. ख्रिस्ती मतदारानें ख्रिस्ती उमेदवार निवडावा, अशी ती योजना. मे १९४९ मध्यें घटनासमितीनें धर्मावर आधारलेल्या राखीव जागा नकोत असें ठरविलें. त्या समितीचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी स्वतः ख्रिस्ती होते. मद्रासचे येशूसंघीय धर्मगुरु जेरोम डिसोझा तिचे सभासद होते. या दोघांनींही त्या निर्णयास पाठिंबा दिला. निराळी कोठडी मागण्यापेक्षां सर्वांबरोबर एका ओसरीवर बसावें, हा त्यांचा विश्वास होता. तो अनाठायीं नव्हता. शेजारच्या कारवार जिल्ह्यांत कॅथलिक अल्पसंख्य. तरी तेथील मतदारांनीं जोकिम आल्वा या कॅथलिक देशभक्तास १९५२, १९५७ आणि १९६२ असें तीन वेळां लोकसभेवर पाठविलें. हिंदु मतदारानें आपला धर्म आड येऊं दिला नाहीं, तर आपण तो आड कां आणावा?

आतां मी त्या नाजूक प्रश्नाकडे येतों, ज्यासाठीं हें व्याख्यान मीं योजिलें. निवडणूक जवळ आली म्हणजे कांहीं मंडळी धर्मगुरूच्या बंगल्यावर येतात. चहा होतो, प्रकृतीची विचारपूस होते, आणि मग हळूच म्हणतात, “फादर, आपल्या लोकांचीं मतें एकगठ्ठा मिळालीं, तर दफनभूमीचें कुंपण आमच्याकडे लागलें.” असें बोलणारे कोणत्या एका पक्षाचे असतात असें नाहीं. आणि आपलेच कांहीं वडीलधारे मला सांगतात, “फादर, आपण मूठभर. मतें विखुरलीं तर आपल्यास कोण विचारणार? एकगठ्ठा हीच आपली ताकद.”

हा युक्तिवाद वरवर पाहतां सबळ आहे. म्हणून त्याचा नीट विचार करूं. पहिली गोष्ट, एकगठ्ठा मत हें सर्वांचें मत कधींच नसतें. तें दोनचार मध्यस्थांचें मत असतें, आणि बाकीच्यांचे हात मोजणीस लागतात. विधवा आई, नुकतीच अठरा वर्षांची झालेली मुलगी, परक्याच्या शेतांत राबणारा मजूर, यांस कोण विचारतो? दुसरी गोष्ट, ज्या मताची किंमत एकदां ठरली, त्याचा व्यवहार त्या दिवशींच संपतो. कुंपण मिळालें कीं उमेदवार ऋणमुक्त झाला. पुढें पांच वर्षें दवाखान्यांत डॉक्टर नाहीं, शाळेंत शिक्षक नाहीं, हत्तींनीं व गव्यांनीं पीक तुडविलें तरी भरपाई नाहीं, अशी तक्रार घेऊन आपण गेलों, तर तो म्हणेल, “तुमचें तर देऊन झालें.” तिसरी गोष्ट, आपला गठ्ठा हरला तर जिंकणाऱ्याच्या दृष्टीनें आपली सारी जमात विरोधकांची ठरते. ज्याचें मत पेटींत गुप्त राहतें, त्याला सर्व उमेदवारांनीं विचारावें लागतें. ज्याचें आधींच जाहीर झालें, त्याला एक गृहीत धरतो आणि दुसरा सोडून देतो. तेव्हां अल्पसंख्यांची खरी ताकद गठ्ठ्यांत नाहीं. ती या गोष्टींत आहे कीं, हीं माणसें विचार करून मत देतात आणि कोणाच्याही खिशांत नाहींत, असा गांवाचा अनुभव व्हावा.

मग दफनभूमीचें कुंपण मागूंच नये काय? अवश्य मागावें. पण मागणी आणि किंमत यांत भेद आहे. मागणी उघड असते, सर्वांपुढें असते, सर्व उमेदवारांस सारखी असते, आणि ती न्याय्य आहे म्हणून केली जाते. किंमत बंद खोलींत ठरते. आपल्या मागणीचें पत्र ग्रामपंचायतीस द्या, नगरपंचायतीस द्या, प्रत्येक उमेदवारास द्या. त्याच पत्रांत शेजारच्या वाडीच्या स्मशानशेडचीही मागणी लिहा. ज्या पत्रांत शेजाऱ्याचें दुःख आहे, तें पत्र फेंकून देणें कठीण जातें.

आपल्या प्रांतांतील एक खटला येथें लक्षांत ठेवण्याजोगा आहे. १९९० सालच्या सांताक्रूझ येथील विधानसभा निवडणुकीवरून तो उद्भवला आणि सर्वोच्च न्यायालयांत सात न्यायाधीशांपुढें गेला. २ जानेवारी २०१७ रोजीं चार विरुद्ध तीन मतांनीं असा निर्णय झाला कीं, उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्या धर्माच्या, जातीच्या किंवा भाषेच्या नांवानें मत मागणें हाही भ्रष्ट मार्ग होय. इतरांनीं धर्माच्या नांवानें मतें मागितलीं तर आपणांस भय वाटतें. तें भय रास्त आहे. पण मग “आपला माणूस” एवढ्याच कारणानें आपणही मत मागूं नये, देऊं नये. जें माप दुसऱ्यास लावितों, तेंच आपल्यास.

आणि धर्माच्या हिशोबानें मतें मोजणाऱ्यांचा हिशोब पुष्कळदां चुकतोही. १६ जानेवारी १९६७ रोजीं घांटाखालीं गोव्यांत विलीनीकरणाचा कौल घेण्यांत आला. विलीनीकरणाच्या विरुद्ध १,७२,१९१ आणि बाजूनें १,३८,१७० मतें पडलीं. गोव्यांत कॅथलिक निम्म्याहून कमी; तेव्हां तो निकाल एकट्या कॅथलिकांच्या मतांनीं लागणें शक्यच नव्हतें. कोणाचा निर्णय बरोबर होता हा वाद आज उकरावयाचा नाहीं. माणूस मतपेटीपुढें उभा राहिला म्हणजे तो केवळ एका धर्माचा घटक नसतो. तो शेतकरी असतो, बाप असतो, एका भाषेचा व एका मातीचा असतो, एवढेंच मला दाखवावयाचें आहे.

आतां पैशाचा प्रश्न. मी तो टाळणार नाहीं, कारण तो आपल्या उंबरठ्याच्या आंत आला आहे. एसाव शिकारीहून भुकेला आला आणि डाळीच्या एका वाडग्यासाठीं त्यानें आपला ज्येष्ठपणाचा हक्क याकोबास विकला. त्या गोष्टीस आपण हंसतों. पण जेवणाच्या पंगतीस, बाटलीस, पाकिटांतल्या नोटांस जो आपलें मत देतो, त्याचा वाडगा एसावाच्या वाडग्याहून मोठा असतो काय? आणि कायद्याच्या दृष्टीनें देणारा जसा दोषी, तसा घेणाराही. भारतीय न्याय संहितेचें १७० वें कलम दोघांसही लाच या एकाच शब्दांत बांधतें. “घ्यायचे त्याचे, द्यायचें दुसऱ्यास,” असें चातुर्य कांहीं जण सांगतात. तें चातुर्य नव्हे. त्यांत लाचेवर असत्याची भर मात्र पडते. मुंबई-पुण्यास व गोव्यास कामास असलेल्या आपल्या मुलांस आणण्यासाठीं गाड्या येतात. विधानसभेच्या किंवा लोकसभेच्या मतदानासाठीं उमेदवारानें मतदारांस फुकट वाहनानें आणणें हेंही १२३ व्या कलमांत निषिद्ध आहे. मुलांनों, मताची किंमत तुम्हांस खरोखर वाटत असेल तर एस.टी.चें तिकीट स्वतः काढून या. त्या तिकिटाएवढें स्वातंत्र्य दुसऱ्या कशानेंही विकत मिळत नाहीं.

मत देतांना काय पाहावें? मोशेचा सासरा इथ्रो यानें जावयास एक सल्ला दिला होता: सारा भार एकट्यानें वाहूं नकोस, दहांवर, पन्नासांवर, शंभरांवर असे कर्ते, देवास भिणारे, सत्यप्रिय आणि लाचेचा तिटकारा असणारे पुरुष नेम. या सल्ल्यांत जातीचें नांव नाहीं, घराण्याचें नाहीं, पक्षाचें नाहीं. मी त्यास आजच्या चार प्रश्नांचें रूप देतों. हा उमेदवार गरिबाशीं निवडणुकीपूर्वीं कसा बोलत होता? त्याच्या हातीं सोसायटी, दूधसंस्था किंवा शाळा होती तेव्हां तिचा हिशोब त्यानें उघड ठेविला काय? तो एका समाजास दुसऱ्याविरुद्ध चेतवितो काय, मग तो दुसरा समाज आपला असो वा दुसऱ्याचा? आणि जन्मास न आलेल्या बालकापासून अंथरुणास खिळलेल्या वृद्धापर्यंत, दुर्बळ जीवाची त्यास कितपत चाड आहे? या प्रश्नांचीं सर्व उत्तरें समाधानकारक असणारा उमेदवार क्वचितच सांपडेल. तेव्हां ज्याच्या हातून कमी अनर्थ होईल असें सदसद्विवेक सांगेल, त्यास मत देण्यास प्रत्यवाय नाहीं. कोणीच योग्य नसेल, तर २०१३ पासून “यांपैकीं कोणीही नाहीं” हें बटणही आहे. परंतु दर वेळीं तेंच दाबावें लागत असेल, तर आपल्यापैकीं कोणी उभें कां राहत नाहीं, हा प्रश्न आरशास विचारावा.

पक्षाविषयीं दोन शब्द. पक्षांत जाणें पाप नाहीं. समविचारी माणसांनीं एकत्र येऊन कार्य करावें, हा सामान्य प्रापंचिक जनांचा हक्कच आहे, आणि कॅथलिक तरुणांनीं तो अवश्य बजावावा. पण पक्ष हें साधन आहे, कूळ नव्हे. या राज्यांत २०२२ सालीं एक पक्ष दुभंगला आणि २०२३ सालीं दुसरा; ज्यांनीं पक्षाच्या नांवावर भाऊबंदकी केली होती, त्यांस एके सकाळीं दोन दोन झेंडे दिसूं लागले. नोव्हेंबर २०२४ मध्यें तर आपल्या चंदगड मतदारसंघानें अपक्ष उमेदवारास विधानसभेवर पाठविलें. पुढारी आज भांडतात आणि उद्यां एका व्यासपीठावर हार घालून घेतात. वैर मात्र आपल्या गल्लींत शिल्लक राहतें. ज्यांचें भांडण मिटलें त्यांच्यासाठीं आपण अबोला धरावा, ही केवढी विटंबना!

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वसभेनें १९६५ सालीं स्पष्ट सांगितलें आहे कीं, प्रापंचिक प्रश्नांत श्रद्धावंतांचीं मतें प्रामाणिकपणें भिन्न असूं शकतात, आणि अशा वेळीं कोणीही केवळ आपल्याच मतास धर्मसभेचा आधार आहे असें म्हणूं नये. हें वाक्यशः पाठ करण्याची गरज नाहीं, पण त्याचा अर्थ प्रत्येक घराच्या दारावर लिहिण्याजोगा आहे. एकाच घरांत बापाचें मत एका चिन्हास आणि मुलाचें दुसऱ्यास पडलें, तर त्यांत घराचा अपमान नाहीं. पत्नीनें कोणास मत द्यावें हें पतीनें सांगूं नये. तिच्याही ठिकाणीं देवानें सदसद्विवेक ठेविला आहे, आणि तो उसना दिलेला नाहीं.

सर्वांत शेवटीं गांवाकडे येतों. पोपमहाराज अकरावे पायस यांनीं १९३१ सालच्या आपल्या पत्रांत एक तत्त्व मांडलें: जें काम लहान संस्था नीट करूं शकते, तें मोठ्या संस्थेनें तिच्या हातून काढून घेऊं नये. आपल्या राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीनें, जी २४ एप्रिल १९९३ पासून अमलांत आली, पंचायतींस घटनेचा आधार देऊन तीच दिशा धरिली. खेड्याची ग्रामसभा ही मतदारांच्या यादींत नांव असलेल्या प्रत्येकाची सभा आहे. वर्षांतून निदान चार वेळां ती भरली पाहिजे, आणि तिच्या आधीं स्त्रियांची सभा व्हावयाची असते. ग्रामपंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठीं आहेत. २०२२ पासून सरपंचाची निवड पुन्हां थेट मतदारांकडून होऊं लागली आहे. आणि ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाहीं. म्हणजे पक्षाचें नांव न घेतां गांवाचें हित साधण्याची वाट कायद्यानेंच मोकळी ठेविली आहे.

पण ग्रामसभेच्या दिवशीं आपण कोठें असतों? पुरेशीं माणसें न आल्यामुळें सभा तहकूब होते, आणि मागाहून पांचसहा जण बसून साऱ्या गांवाचे ठराव करितात. मग आपण वर्षभर चावडीवर म्हणतों, “आमच्यास कोणी विचारलें नाहीं.” बंधूंनो, विचारलें होतें, आपण घरीं होतों. रविवारच्या मिस्सेस न चुकतां येणाऱ्या मंडळींनीं वर्षांतून चार वेळां ग्रामसभेसही न चुकतां यावें, हें मी आज आपणांकडे महोत्सवाची भेट म्हणून मागतों. तेथें मोठ्यानें बोलतां आलें नाहीं तरी चालेल. हिशोब वाचून दाखवा, एवढें एक वाक्य पुरे. ज्या तरुणांचें वय अठरा झालें, त्यांनीं यादींत नांव नोंदवावें. २०२२ पासून त्यासाठीं वर्षांत चार अर्हतादिनांक आहेत, तेव्हां जानेवारीची वाट पाहण्याचें कारण उरलें नाहीं.

आपल्यापैकीं पुष्कळांचे पूर्वज गोव्याहून घांट चढून या डोंगरांत आले. घरीं कोंकणी, शाळेंत मराठी, बाजारांत बेळगांवची बोली, असा आपला संसार आहे. या मुलखानें त्यांस जमीन दिली, शेजार दिला, आणि त्यांचें देऊळ उभें राहूं दिलें. त्या उपकाराची फेड आपण आपल्यापुरतें मागून करूं शकत नाहीं; ती गांवासाठीं मागून, गांवासाठीं जागून करावी लागेल. राजकारण्यांचे आश्रयदाते संत थॉमस मूर, ज्यांस २००० सालीं पोपमहाराज दुसरे जॉन पॉल यांनीं तो मान दिला, राजाचे मोठे अधिकारी होते. परंतु सदसद्विवेकाविरुद्ध शपथ घेण्यापेक्षां त्यांनीं १५३५ सालीं मृत्यु पत्करिला. आपणांपुढें तलवार नाहीं. फार तर पाकीट आहे, पंगत आहे, रुसलेला पुढारी आहे. एवढ्यानें आपला विवेक डळमळावा काय?

मतदानाच्या दिवशीं सकाळीं क्षणभर प्रार्थना करा. कोणाच्या विजयासाठीं नव्हे, स्वतःच्या शुद्ध बुद्धीसाठीं. मत द्या आणि तें गुप्त ठेवा. निकालाच्या दिवशीं गुलाल कोणाच्याही अंगावर पडो, संध्याकाळीं हरलेल्या शेजाऱ्याच्या घरीं जाऊन बसा. आणि येत्या रविवारीं, शांतीचा हात देण्याची वेळ येईल तेव्हां, देवळाच्या दुसऱ्या टोकास बसलेल्या त्या भावाकडे आपण होऊन चालत जा. तेवढीं चार पावलें पडलीं, तर हा महोत्सव सफळ झाला असें मी समजेन.

प्रभु आपणां सर्वांस सुबुद्धि देवो, आणि या गांवास शांति देवो. आमेन.